मेरुरज्जूची इजा आणि स्थानिक शेक

स्थानिक शेक म्हणजे शरीराच्या एखाद्या भागास बाहेरून उष्णता देण्याचा उपचार होय. गरम पाण्याची रबरी पिशवी, विजेवर तापणारी शेकपिशवी, मिठाची वा वाळूची पुरचुंडी, तव्यावर तापवलेले फडके ही त्याची परिचित साधने आहेत. मेरुरज्जूला इजा झालेल्या व्यक्तींमध्ये मात्र हाच साधा उपचार गंभीर भाजण्यास कारणीभूत होऊ शकतो.

धोक्याचे कारण

‘सोसवेल इतका शेक घ्यावा’ हा घरोघरी पाळला जाणारा नियम सर्वस्वी वेदनेवर विसंबून आहे. इजेच्या पातळीखालील उष्णतेची व वेदनेची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही किंवा अर्धवट पोहोचते, त्यामुळे येथे तो निरर्थक ठरतो. शिवाय त्वचेतील रक्तवाहिन्यांचे नियंत्रण बिघडलेले असल्याने साठलेली उष्णता रक्तप्रवाहाबरोबर पुरेशी वाहून जात नाही. अपूर्ण इजेत फसगत अधिक होते. हलका स्पर्श आणि उष्णता यांचे संदेश मेरुरज्जूतील वेगवेगळ्या मार्गांनी जातात. स्पर्श कळतो म्हणून चटकाही कळेल, असे गृहीत धरता येत नाही.

शुश्रूषा करणाऱ्याने पिशवीला हात लावून पाहणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, कारण भाजणे तापमानाइतकेच कालावधीवरही अवलंबून असते. मॉरिट्झ व हेन्रिक्स यांच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ६० अंश सेल्सियसला काही सेकंदांत होणारी त्वचेची हानी ४४ अंशांना सुमारे ६ तासांत झाली. हाताला केवळ उबदार वाटणारी पिशवी पायाशी ठेवून रात्रभर झोपणे म्हणूनच धोक्याचे आहे. मांडीवरील लॅपटॉप आणि चहाचा कप यांनाही हेच लागू पडते.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असल्यास, जाणीव नसलेल्या भागातील भाजण्यामुळे ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ उद्भवू शकतो. यात रक्तदाब एकाएकी वाढतो, डोके ठणकते, चेहरा लाल होऊन घाम फुटतो. अशा वेळी रुग्णास ताठ बसवून, उष्णतेचे साधन त्वरित दूर करून, वैद्यकीय मदत घ्यावी लागते.

वापर

शेक पूर्णतः वर्ज्य नाही. चाकाची खुर्ची ढकलून दुखावलेल्या खांद्याला, तेथील जाणीव शाबूत असल्यास, तो देता येतो. त्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ गरम व थंड पाण्याच्या नळ्यांनी आधी जाणिवेची परीक्षा करतात. पिशवीभोवती टॉवेल गुंडाळणे, वेळ मोजणे आणि दर काही मिनिटांनी त्वचा पाहणे ही किमान दक्षता होय. पाठीत धातूच्या पट्ट्या वा स्क्रू बसवले असल्यास तेथे शॉर्टवेव्ह डायथर्मी देत नाहीत. एकच पाय अचानक सुजला असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका असते. तो शेकू नये.

भाजल्यास

भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये. फोड आला असल्यास किंवा लाली उतरत नसल्यास, वेदना मुळीच नसली तरी, डॉक्टरांस दाखवावे. जखम बैठकीच्या जागी असल्यास ती भरेपर्यंत त्या भागावर भार देता येत नाही, आणि त्यासाठी कित्येक आठवडे लागू शकतात.