नमुन्यावरून दस्तऐवज आणि दस्तऐवजावर इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी

मालवण तालुक्यातील एखाद्या वाडीत वडिलोपार्जित घराच्या दुरुस्तीचा किंवा तेथे पर्यटकांसाठी निवास-न्याहारीची सोय करण्याचा विचार निघाला, की पहिली अडचण पुष्कळदा पैशाची नसते, सह्यांची असते. आजोबांच्या पश्चात उताऱ्यावर लागलेली बारा-पंधरा नावे. त्यांपैकी दोघे गावी, बाकीचे लालबाग, डोंबिवली, पुणे येथे आणि एखादा आखातात. संमतीपत्राचा कागद गणेशचतुर्थीची वाट पाहत कपाटात पडून राहतो. चतुर्थीला चाकरमानी येतात. पण सारेच एकाच वर्षी येत नाहीत, आणि आलेल्यांपुढे ऐन भजनाच्या वेळी सहीचा कागद ठेवण्याचे धैर्य प्रत्येकाला होतेच असे नाही.

ही अडचण बऱ्याच अंशी दूर करू शकणारे साधन आपल्याकडे कायद्याने उपलब्ध आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. २००८ च्या सुधारणेने तीत इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी ही अधिक व्यापक संज्ञा आणली. २०१५ पासून आधारवर आधारित ई-स्वाक्षरीची सेवा सुरू झाल्यावर ही सोय सामान्य नागरिकाच्या मोबाईलपर्यंत पोहोचली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘ई-हस्ताक्षर’ ही अशीच एक सेवा होय.

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. कागदावर सही करून तिचे छायाचित्र संगणकावरील पत्राखाली चिकटवणे म्हणजे अशी स्वाक्षरी नव्हे. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तबाचा शिक्का उमटवीत, तो पत्राची मर्यादा दाखवण्यासाठी; त्याखाली कोणी एक ओळ वाढवली तरी ती उघडी पडे. अंकीय स्वाक्षरी हेच काम प्रत्येक अक्षरापुरते करते. संगणक संपूर्ण मजकुरावरून ठरावीक लांबीचा एक गणिती सारांश काढतो आणि तो स्वाक्षरीकर्त्याच्या खासगी किल्लीने बंद करतो. तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली कोणालाही उपलब्ध असते. तिच्या साहाय्याने सारांश पडताळता येतो. मागाहून गट क्रमांकातील एक आकडा जरी बदलला, तरी सारांश जुळत नाही आणि स्वाक्षरी अवैध दिसते.

आता नमुन्याविषयी. हा शब्द महसूल खात्याला नवा नाही. गाव नमुना एक ते एकवीस ही त्या खात्याची जुनी चौकट. सातबारा म्हणजे त्यांतील सात व बारा या नमुन्यांचा जोड उतारा. चौकट कायम, नोंदी मात्र प्रत्येक गटाच्या निराळ्या. म्हणूनच १ मे २०१८ रोजी राज्यात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा प्रत्येक उतारा नव्याने लिहिण्याचे कारण पडले नाही. अशा उताऱ्याची छापील प्रत घेतली की स्वाक्षरी संगणकीय प्रतीतच राहते, कागदावर येत नाही. यास्तव कागद हाती घेणाऱ्याने त्यावरील पडताळणी क्रमांकावरून मूळ उतारा ताडून पाहावा.

संमतीपत्रे, करारनामे, नेमणुकीची पत्रे यांकरिता निघालेली स्वयंचलित साधने याच तत्त्वावर चालतात. मसुद्यात नाव, गट क्रमांक, क्षेत्र, दिनांक यांच्या जागा रिकाम्या ठेवावयाच्या आणि कोणी कोठे सही करावयाची ते नेमून द्यावयाचे. स्वतंत्र तक्त्यात सर्वांची नावे व मोबाईल क्रमांक भरले की यंत्रणा रिकाम्या जागा भरते, प्रत्येकास दुवा पाठवते, सही न करणाऱ्यास स्मरणपत्र धाडते, कोणी केव्हा सही केली याची नोंद ठेवते आणि अखेरीस पूर्ण झालेली प्रत सर्वांकडे पोहोचवते. डोंबिवलीतील काका आधार क्रमांक देतात, मोबाईलवर आलेला एकवेळचा संकेतांक भरतात आणि त्यांची सही होते. त्या एका सहीपुरती निर्माण झालेली किल्ली लगेच नष्ट केली जाते. मात्र आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू स्थितीत हाताशी हवा. आखातातील भावाचे घोडे बहुधा येथेच अडते.

यंत्रणेचा वेग हाच तिचा धोकाही आहे. मसुद्यात गट क्रमांक चुकला तर तो पंधराही जणांकडे चुकलेलाच जातो, आणि नवव्या सहीनंतर चूक लक्षात आली तर पहिल्या आठांनाही पुन्हा विनवावे लागते. कारण सही झालेल्या दस्तऐवजात खाडाखोड नाही. म्हणून नमुना प्रथम एकाच नावाने भरून, तो उताऱ्याशी अक्षरशः ताडून, मगच सर्वांकडे पाठवावा. ज्यांच्या सह्या घ्यावयाच्या त्यांना आधी दूरध्वनी करावा, हेही सांगणे अनाठायी होणार नाही. अनोळखी दुव्यावर संकेतांक न देणारा काका चूक करीत नसतो.

या सोयीस मर्यादाही आहेत. मृत्युपत्रास हा अधिनियम लागू नाही. जमिनीतील हक्क सोडण्याचे हक्कसोडपत्र नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार नोंदवावेच लागते. तेथे मोबाईलवरची संमती पुरत नाही. संमतीपत्राच्या नावाखाली हक्कसोडीचा मजकूर नमुन्यात शिरला आहे काय, हे गावच्या शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने वाचून दाखविल्यास पुढील कित्येक वर्षांचा कज्जा टळू शकेल.

पंचायत सदस्यांशी अधिक निकटचा विषय म्हणजे स्वाक्षरीचे टोकन. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच अशा दोघांच्या अंकीय स्वाक्षरीने अदा करण्याची पद्धत घालण्यात आली. एकाने देयक तयार करावे आणि दुसऱ्याने तपासून मान्य करावे, हा तिचा हेतू. दोन्ही टोकन व त्यांचे परवलीचे शब्द संगणक चालकाच्या खणात ठेवले, की दोन स्वाक्षऱ्यांची एकच होते. आणि देयकाखाली नाव मात्र सरपंचांचेच राहते. ‘मी ते पाहिलेच नव्हते’ हा बचाव मग कठीण जातो, कारण खासगी किल्ली आपल्या ताब्यात राखण्याचे कर्तव्य अधिनियमाच्या कलम ४२ ने धारकावरच टाकले आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा परवलीचा शब्द कपटाने वापरणाऱ्यास कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. टोकन हरवल्यास अथवा परवलीचा शब्द इतरांस कळल्याचा संशय आल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्यास विनाविलंब कळवून ते रद्द करून घ्यावे, आणि सरपंचपद सोडताना दप्तराच्या यादीबरोबर या प्रमाणपत्राचाही वापर बंद झाल्याची लेखी खात्री करून घ्यावी.