बिनतारी संगणक-जाळ्याची आदेश-ओळीवरून जोडणी

पडद्यावरील चित्रांचा आधार न घेता, कळफलकावरून लेखी आदेश देऊन संगणक बिनतारी जाळ्यास म्हणजे वाय-फायला जोडण्याच्या पद्धतीस आदेश-ओळीवरील (कमांड लाइनवरील) जोडणी म्हणतात. येथे लिनक्स या परिचालन प्रणालीतील पद्धतीचे विवेचन केले आहे. ज्या संगणकांना पडदाच नसतो (उदा., मापनयंत्रांना जोडलेले लहान संगणक) त्यांच्या बाबतीत बहुधा हाच मार्ग उरतो, परंतु पद्धतीचे खरे महत्त्व निराळे आहे. चित्रमय पद्धतीत ‘जोडणी झाली नाही’ एवढाच निरोप पुष्कळदा मिळतो. वस्तुतः जोडणी ही एक क्रिया नसून क्रमाने घडणाऱ्या अनेक स्वतंत्र क्रियांची साखळी आहे. तिचा नेमका कोणता दुवा तुटला, हे आदेश-ओळीवर शोधता येते.

बिनतारी जाळ्यांचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. लिनक्समध्ये आरंभी ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ हा आदेश रूढ होता. त्याने देता येणारी किल्ली डब्ल्यूईपी या सांकेतिकीकरणाची असे आणि २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन व शमीर यांनी त्यातील मूलभूत दोष दाखवून दिला. पुढे या आदेशाची जागा ‘आयडब्ल्यू’ने घेतली. जुन्या पुस्तकांतून अद्याप पहिलाच आदेश दिलेला आढळतो. तो शिकण्यात आता फारसा अर्थ नाही.

प्रथम रेडिओ चालू आहे की नाही ते ‘आरएफकिल लिस्ट’ या आदेशाने पाहतात. आज्ञावलीने घातलेला अडसर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने दूर होतो, यंत्रावरील खटक्याने घातलेला मात्र कोणत्याही आदेशाने दूर होत नाही. नंतर ‘आयडब्ल्यू डेव्ह’ने बिनतारी उपकरणाचे नाव (उदा., डब्ल्यूलॅन०) मिळवून ‘आयपी लिंक सेट डब्ल्यूलॅन० अप’ने ते कार्यान्वित करतात व ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० स्कॅन’ने परिसरातील जाळी धुंडाळतात. यांपैकी बहुतेक आदेशांना व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. संकेताची शक्ती डीबीएम या लॉगरिथमी एककात मिळते : −५० पेक्षा −८० हा संकेत हजारपट क्षीण असतो.

जवळचेच जाळे यादीत दिसले नाही, तर देशाची नोंद तपासावी. कोणत्या कंप्रता वापरावयाच्या हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवितो. संगणकात अमेरिका अशी नोंद असल्यास २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील १२ व १३ या वाहिन्या वर्ज्य होतात. भारतात हा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासचे ६०५ मेगॅहर्ट्‌झ २०१८ मध्ये परवानामुक्त झाले. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने ही नोंद दिसते.

सर्वांत नाजूक टप्पा ओळख पटविण्याचा. तो ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ ही आज्ञावली पार पाडते. डब्ल्यूपीए-२ पद्धतीत ८ ते ६३ अक्षरांचा परवलीचा शब्द व जाळ्याचे नाव यांवर ४,०९६ वेळा गणिती प्रक्रिया करून २५६ बिटांची किल्ली काढतात. नावही गणितात असल्याने त्यातील एका अक्षराचा फरकसुद्धा किल्ली बदलतो. ही किल्ली हवेतून पाठविली जात नाही. चार संदेशांच्या देवघेवीत दोन्ही बाजू ती आपल्यापाशी असल्याचे सिद्ध करतात. नोंदवहीत ही देवघेव अपुरी दिसली, तर परवलीचा शब्द चुकल्याचा संशय प्रथम घ्यावा. मात्र हे संदेश टिपणाऱ्या त्रयस्थास पुढे सवडीने शब्दांचे अंदाज करून पाहता येतात; म्हणून सोपा शब्द धोक्याचा. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही वाट अडविली. ‘डब्ल्यूपीए पासफ्रेज’ हा आदेश किल्ली तयार करतो, पण मूळ शब्दही टिप्पणी म्हणून तसाच लिहून ठेवतो. ती ओळ पुसावी आणि फाइल इतरांस वाचता येणार नाही असे करावे.

येथवर संगणक जाळ्यात शिरलेला असतो, पण त्याला पत्ता नसतो. तो डीएचसीपी या व्यवस्थेतून मिळतो. ‘आयपी ॲड्रेस’ या आदेशास १६९.२५४ ने सुरू होणाराच पत्ता दिसल्यास तो संगणकाने स्वतः घेतलेला असून पत्ता देणाऱ्याने उत्तर दिलेले नाही असे समजावे. नंतर ‘पिंग’ने आधी राउटर, मग दूरचा अंकी पत्ता व शेवटी एखादे नाव तपासतात. अंकी पत्ता पोहोचतो पण नाव पोहोचत नाही, असे झाल्यास बिनतारी भागास दोष देऊ नये. बिघाड बहुधा नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत असतो.

‘एनएमसीएलआय’ हा आदेश हे सर्व टप्पे एकत्र उरकतो व नित्याच्या कामास तोच सोयीचा आहे. त्यातही परवलीचा शब्द आदेशातच लिहू नये, कारण तो आदेशांच्या इतिहासात राहतो. ‘आस्क’ हा पर्याय दिल्यास तो स्वतंत्रपणे विचारला जातो. एकाच उपकरणावर दोन व्यवस्थापक आज्ञावल्या चालू ठेवल्यास त्या एकमेकींची जोडणी तोडतात. दूरच्या संगणकावर त्याच बिनतारी जोडणीतून काम करीत असता ती बदलावयाची असेल, तर काही मिनिटांनी जुनी जुळणी आपोआप परत येईल असा आदेश आधी लावून ठेवतात. अन्यथा एका चुकीच्या ओळीने संपर्क तुटतो आणि दुरुस्तीसाठी त्या यंत्रापाशी प्रत्यक्ष जावे लागते.