पोपट फक्त दाण्यांवर जगतोय? पोट भरते, पण पोषण होत नाही; ताजे खाणे कसे सुरू करायचे, वाचा सविस्तर

बाजारातून मिक्स दाण्यांचे पाकीट आणायचे, वाटी भरायची आणि टरफले फुंकून पुन्हा भरायची. बजी, कॉकटील, लव्हबर्ड किंवा आफ्रिकन ग्रे पाळणाऱ्या बहुतेक घरांत रोजचे चित्र असेच असते. पक्षी आवडीने खातो, ओरडतो, खेळतो, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. मात्र वर्षानुवर्षे केवळ दाण्यांवर ठेवलेला पक्षी आतून कमकुवत होत जातो. पक्षी आजार लपवतात, त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

यावरचा उपाय घरच्या भाजीच्या टोपलीतच आहे. फक्त तो योग्य पद्धतीने आणि धीराने करावा लागतो.

दाण्यांमध्ये नेमके काय कमी पडते?

सूर्यफूल आणि करडईच्या बियांमध्ये चरबी भरपूर असते. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीत वजनाच्या जवळपास निम्मी चरबीच असते. जंगलातला पोपट रोज काही किलोमीटर उडतो, त्याला ही ऊर्जा खर्च करता येते. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला ते शक्य नसते. परिणामी वजन वाढते आणि यकृतावर चरबी साचते.

दुसरी कमतरता ‘अ’ जीवनसत्त्वाची. तोंड, नाक आणि श्वासनलिकेचे आतले अस्तर निरोगी ठेवण्याचे काम हे जीवनसत्त्व करते. ते कमी पडले की अस्तर जाड आणि कोरडे होते, जंतूंना वाट मिळते आणि वारंवार शिंका, नाक वाहणे, तोंडात पांढरे चट्टे असे त्रास सुरू होतात.

तिसरी बाब कॅल्शियमची. दाण्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. आफ्रिकन ग्रे जातीत कॅल्शियम घटल्याने झटके येऊ शकतात. कॉकटीलची मादी नर नसतानाही अंडी घालते. अशा वेळी कॅल्शियम कमी असेल तर अंडे आत अडकून तिच्या जिवावर बेतू शकते.

पाकिटात सगळे दाणे मिसळलेले असले, तरी पक्षी त्यातले आवडते तेवढेच वेचून खातो, हेही लक्षात घ्यायला हवे.

मग ताटात काय असावे?

पक्ष्यांचे डॉक्टर साधारणपणे चांगल्या प्रतीचे पेलेट्स हा मुख्य आहार, त्याच्या जोडीला रोज ताज्या भाज्या आणि थोडे दाणे, फळे अशी विभागणी सुचवतात. प्रमाण जातीनुसार बदलते. बजी आणि कॉकटील मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले, गवताच्या बिया खाणारे. त्यांना दाण्यांचा वाटा थोडा जास्त चालतो. लोरी हा पोपट मुख्यतः फुलांतील मकरंद आणि परागकणांवर जगतो, त्याचा आहार पूर्ण वेगळा आहे.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या उपयुक्त गोष्टी:

- नारिंगी-लाल भाज्या: गाजर, लाल भोपळा, उकडलेले रताळे, लाल ढोबळी मिरची. शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी याच सर्वाधिक कामाच्या.
- पालेभाज्या: शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, माठ. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तो क्वचित आणि थोडाच.
- मोड आलेली कडधान्ये: मूग आणि मटकी उत्तम. हरभरा, चवळी मऊ शिजवून द्यावी. राजमा कच्चा कधीच देऊ नये.
- धान्य: मीठ-तेलाशिवाय शिजवलेला हातसडीचा तांदूळ, दलिया, नाचणी, मक्याचे कणीस.
- फळे: पेरू, पपई, डाळिंब, बी काढलेले सफरचंद. साखर असल्याने लहानसा तुकडा पुरे.

पोपटाला मिरची द्यावी का? जरूर द्यावी. मिरचीतल्या ज्या कॅप्सायसिनमुळे आपल्या तोंडाची आग होते, ते पक्ष्यांना जवळपास जाणवतच नाही. जंगली मिरचीच्या बिया दूरवर पोहोचवण्याचे काम पक्षीच करतात. ताजी मिरची जीवनसत्त्वांचा चांगला स्रोत आहे; पण मिरची आणि भिजवलेली डाळ एवढाच आहार पुरेसा नाही. शिवाय भिजवलेली डाळ उन्हाळ्यात लवकर आंबते.

आठवड्याचा ‘चॉप’ कसा करायचा?

बारीक चिरलेल्या भाज्यांच्या मिश्रणाला पक्षीपालक ‘चॉप’ म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तासाभरात आठवड्याची सोय होते.

१. भाज्या वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, नंतर कोरड्या करा. ओलसर मिश्रण लवकर खराब होते.

२. दोन वाट्या नारिंगी-लाल भाज्या, दोन वाट्या पालेभाज्या, एक वाटी फरसबी, मटार किंवा ढोबळी मिरची आणि एक वाटी शिजवून गार केलेले धान्य घ्या.

३. तुकड्यांचा आकार पक्ष्यानुसार ठेवा. बजीसाठी अगदी बारीक, तर ग्रे किंवा मकाऊसाठी पायात धरता येतील इतके मोठे.

४. सगळे एकत्र करा. मीठ, तेल, साखर, मसाला काहीही नको.

५. दोन दिवसांचे फ्रिजमध्ये, उरलेले बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये ठेवा. काकडी आणि मोड आलेली कडधान्ये गोठवू नका, ती देताना वरून घाला.

६. गोठवलेला भाग आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी खोलीच्या तापमानाला आला की द्या. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नका.

सुरुवातीला बजीला एक छोटा चमचा, कॉकटीलला दोन आणि ग्रेला पाव वाटी पुरते. वाटी दोन तासांत उचला; मे महिन्यात किंवा दमट पावसाळ्यात त्याहून लवकर. मोड आणताना कडधान्य दिवसातून दोन-तीन वेळा धुवा. वास आला किंवा बुळबुळीत लागले तर सरळ टाकून द्या.

कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवता येतो. मात्र कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि खिडकीच्या काचेतून त्यासाठी आवश्यक किरणे येत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धी सावली ठेवून, पिंजरा थोडा वेळ मोकळ्या हवेत ठेवणे फायद्याचे. कावळे आणि मांजरांपासून लक्ष मात्र हवे.

पक्षी भाजीला तोंडच लावत नाही, काय करावे?

हीच सर्वात मोठी अडचण. आयुष्यभर दाणे खाल्लेल्या पक्ष्याला गाजर हे खाणे आहे, हेच माहीत नसते. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून दाणे अचानक बंद करणे धोकादायक आहे. छोटे पक्षी एक दिवस उपाशी राहिले तरी जीव जाऊ शकतो.

- सकाळी भूक असताना आधी चॉप ठेवा, तासाभराने दाणे द्या.
- चॉपवर थोडे आवडते दाणे भुरभुरा. दाणे शोधताना भाजी चोचीला लागते.
- ओली कोथिंबीर किंवा मेथीची जुडी पिंजऱ्याच्या जाळीला लटकवा. बजी त्यात खेळता खेळता कुरतडू लागतात.
- पक्ष्यासमोर तीच भाजी स्वतः खा. पोपट कळपात राहणारे पक्षी आहेत, ते पाहून शिकतात.
- भाजी नियमित खाल्ली जाऊ लागल्यावरच दाणे हळूहळू कमी करा. याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

या काळात ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा हाताशी ठेवा आणि रोज सकाळी एकाच वेळी वजन करा. ९० ग्रॅमच्या कॉकटीलचे वजन ९ ग्रॅमने, म्हणजे दहा टक्के घटले, तर बदल थांबवून पूर्वीचे खाणे द्या आणि डॉक्टरांना गाठा. विष्ठेवरही नजर ठेवा. भाजीमुळे ती थोडी पातळ होणे किंवा बीटमुळे लालसर दिसणे स्वाभाविक आहे. प्रमाण अचानक घटणे मात्र पक्षी खात नसल्याची खूण आहे.

काय अजिबात देऊ नये?

अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि मद्य पक्ष्यांसाठी विषारी आहे. कांदा-लसूण, फरसाण, लोणचे आणि बुरशी आलेले शेंगदाणे टाळा. सफरचंदाच्या बिया काढूनच टाका. लाडाने दिली जाणारी दूध-पोळी किंवा चहात बुडवलेले बिस्किटही नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही.

आणखी एक धोका खाण्याबाहेरचा आहे. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. त्यामुळे पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

हे सर्व परदेशी जातींबद्दल आहे. आपला हिरवा कंठवाला पोपट आणि पहाडी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. जखमी पोपट सापडल्यास राज्य वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. आफ्रिकन ग्रे, मकाऊ यांसारख्या आंतरराष्ट्रीय करारात नोंद असलेल्या जाती पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पिसे फुगवून दिवसभर बसणे, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणे, श्वासागणिक शेपटी वर-खाली होणे किंवा खाणे सोडणे, यातले काहीही दिसले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर प्रत्येक शहरात सहज मिळत नाहीत. त्यामुळे गरज पडण्याआधीच जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक शोधून ठेवा आणि आहार बदलण्यापूर्वी पक्ष्याची एकदा तपासणी करून घ्या.