क्रीडांगणांचे स्थलांतर

आमच्या नळदुर्गास आणि शेजारच्या अणदुरास मिळून खंडोबा एकच आहे. वर्षातील सव्वादहा महिने देव अणदुरास असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गास, म्हणजे मैलारपुरात, येऊन राहतो. देवाने मुक्काम हलवावयाचा तो दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत झालेल्या कराराप्रमाणे. येण्याचा दिवस ठरलेला, तसाच परत जाण्याचाही ठरलेला. त्यामुळे देव निघाला म्हणजे मागे राहिलेल्यांचे डोळे पाणावतात खरे, परंतु मागचे देऊळ कोणी विकावयास काढीत नाही. लहानपणापासून पाहिलेली ही रीत मला अलीकडे एका अगदी निराळ्या विषयाच्या विचारात आठवू लागली आहे. तो विषय म्हणजे खेळाच्या जुन्या मैदानांचे स्थलांतर.

श्रोतेहो, विलायतेत फुटबॉलचे जुने संघ गेल्या वीस वर्षांत एकामागून एक आपली पिढीजात मैदाने सोडून मोठ्या स्टेडियमांत राहावयास गेले. लंडनचा आर्सेनल संघ १९१३ पासून हायबरी येथे खेळत होता. २००६ साली त्याने ते मैदान सोडले. वेस्ट हॅम संघ १९०४ पासूनचे आपले घर २०१६ साली सोडून ऑलिंपिक सामन्यांसाठी बांधलेल्या स्टेडियमात भाडेकरू म्हणून गेला. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन संघाच्या पुरुष खेळाडूंनी १८९२ पासूनच्या गुडिसन पार्कचा निरोप २०२५ च्या मे महिन्यात घेतला. शंभर-सव्वाशे वर्षांचे घर सोडताना प्रेक्षक रडले, ह्यात नवल नाही. ज्या पायऱ्यांवर आजोबांनी नातवाला खांद्यावर घेऊन खेळ दाखविला, त्या पायऱ्या पुन्हा दिसावयाच्या नव्हत्या.

तथापि संघचालकांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. हायबरीचे मैदान चारी बाजूंनी राहत्या घरांनी वेढलेले होते आणि तेथे अखेरीस सुमारे ३८,००० माणसे बसू शकत. नव्या जागी सुमारे ६०,००० बसतात. प्रत्येक सामन्यास वीस-बावीस हजार तिकिटे अधिक खपली, तर वर्षाकाठी केवढी रक्कम होते, हा हिशेब चौथीतील मुलगाही करील. शिवाय आजचे उत्पन्न केवळ साध्या तिकिटावर चालत नाही. व्यापारी कंपन्यांनी आपल्या पाहुण्यांसाठी घ्यावयाच्या काचेच्या खोल्या, भोजनाची सोय, स्टेडियमास नाव देण्याचा मोबदला, ही सर्व नवी खाती आहेत. आर्सेनलच्या स्टेडियमास एका विमान कंपनीचे नाव आहे, ते ह्याच कारणाने. जुन्या इमारतीत ह्या सोयी करावयास जागा नसते. चांगले खेळाडू पैशावाचून टिकत नाहीत आणि खेळाडू गेले तर परंपरा घेऊन काय करावयाचे, असा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच फोल नव्हे.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आपल्या मुंबईस फुटबॉलचे नव्हे, परंतु क्रिकेटचे असे स्थलांतर एकदा सोडून दोनदा झाले आहे, आणि तेही एकमेकांपासून चालत जाण्याजोग्या तीन मैदानांमध्ये.

पहिले मैदान बॉम्बे जिमखान्याचे. ही संस्था १८७५ साली स्थापन झाली. हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरात ह्याच मैदानावर झाला. समोर जार्डिनचा इंग्लिश संघ, आपले कर्णधार सी. के. नायडू, आणि पहिल्याच कसोटीत लाला अमरनाथ ह्यांनी काढलेल्या ११८ धावा, हे सर्व येथलेच. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, ज्या संस्थेच्या अंगणात आपले खेळाडू देशाच्या वतीने खेळले, तिचे सभासदत्व त्या काळी केवळ युरोपियनांस मिळत असे. नायडूंना मैदानावर मान होता; सभासदांच्या वहीत मात्र त्यांचे नाव येऊ शकत नव्हते. जुन्या जागेविषयी गहिवरून बोलताना आपण ही गोष्ट बहुधा विसरतो. त्या जागी कोणास मज्जाव होता, हाही परंपरेचाच एक भाग असतो.

तेव्हा क्रिकेटने तेथून निघावे ह्यात काही गैर नव्हते. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ह्या संस्थेने समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर चर्चगेटजवळ नवे स्टेडियम उभारले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न ह्यांनी १९३६ साली त्याची कोनशिला बसविली व त्यांचेच नाव त्यास मिळाले. ७ डिसेंबर १९३७ रोजी ते खुले झाले. परंतु त्याच वर्षी नव्या पंचरंगी सामन्यांचा मुहूर्त व्हावयाचा, तो हिंदूंच्या संघावाचून झाला. कारण काय, तर हिंदू जिमखान्यास नव्या स्टेडियमात पुरेशी आसने मिळेनात. मैदान मोठे झाले, बसावयास पक्क्या पायऱ्या आल्या, आणि पहिलाच तंटा झाला तो आसनांच्या वाटणीवरून!

तोच तंटा पस्तीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. १९४८ पासून मुंबईचे कसोटी सामने ब्रेबर्न स्टेडियमवर होत होते. स्टेडियम खासगी क्लबाच्या मालकीचे. सामन्यांची जबाबदारी मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. शहरातील मैदानी क्लब ह्या असोसिएशनला जोडलेले. वर्षभर ऊन-पावसात क्रिकेट चालवावयाचे ह्या क्लबांनी, आणि कसोटी सामना आला म्हणजे तिकिटांसाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावयाचे, हे असोसिएशनला सहन होईना. क्लबाचे म्हणणे असे की, स्टेडियम आम्ही बांधले, त्याचा खर्च आम्ही सोसतो, आमच्या सभासदांचा हक्क पहिला. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच तडजोड झाली नाही. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे त्या वेळी विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी स्वतःचे स्टेडियम बांधण्याचे मनावर घेतले आणि वर्ष-सव्वा वर्षात, ब्रेबर्नपासून दहा मिनिटांच्या वाटेवर, रेल्वेच्या रुळांलगत, ते उभे करून दाखविले. त्याचा आराखडा शशी प्रभू ह्यांचा.

तेथील पहिला कसोटी सामना १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजशी झाला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. नळदुर्गच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या फळीवर रेडिओ ठेवलेला असे आणि आम्ही पोरे रस्त्यावर उभी राहून धावते वर्णन ऐकत असू. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे अभिनंदन करावयास धावलेल्या एका तरुणास पोलिसांनी मारले, त्यावरून प्रेक्षक खवळले, नव्या कोऱ्या स्टेडियमची मोडतोड झाली आणि खेळ थांबवावा लागला. आपण तो सामना हरलो. परंतु मला आठवतात त्या एकनाथ सोलकरांच्या १०२ धावा. सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याचे मैदान राखणारे; मुलाचे लहानपण त्या मैदानाच्या कडेच्या झोपडीत गेले. ज्याच्या घरास मैदानाचीच भिंत होती, त्या मुलाने नव्या स्टेडियमात आपल्या बाजूचे पहिले शतक काढले. पुस्तकात लिहिलेली परंपरा पुष्कळ आढळते. जिवंत परंपरा असते ती अशी.

आता पुढील भाग ऐका. अधिक प्रेक्षकांस जागा हवी म्हणून हे स्टेडियम बांधले गेले. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्रचना झाली, तेव्हा रुंद खुर्च्या, छत, पाहुण्यांच्या खोल्या ह्या सोयी वाढल्या आणि आसनांची संख्या मात्र पूर्वीपेक्षा बरीच घटून सुमारे ३३,००० वर आली. ह्याचा अर्थ इतकाच की, उत्पन्न वाढविणे आणि प्रेक्षक वाढविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्या हातात हात घालून चालतात, कधी एकीसाठी दुसरीस बाजूला व्हावे लागते.

फुटबॉलचाही एक दाखला मुंबईतच आहे. मुंबई सिटी हा संघ २०१४ साली निघाला, तेव्हा नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळू लागला. तेथे पन्नास हजारांवर माणसे बसतात. २०१६ साली तो अंधेरीच्या मैदानावर आला, जेथे दहा हजारही बसत नाहीत. विलायतेतील संघ लहानाकडून मोठ्याकडे गेले. हा मोठ्याकडून लहानाकडे आला. मोठे म्हणजे हितकारक, असा नियम नाही, हे एवढ्यावरूनही दिसते.

ह्या विषयी मी उपदेशकाच्या आसनावर बसून बोलत नाही. मी केवळ मॅट्रिक झालेला मास्तर. एके काळी एका शाळेत खेळांचा कारभार माझ्याकडे होता. शाळेचे मैदान बाजारपेठेस लागून होते. ते लहान, एका अंगास उतरते. चेंडू जरा जोराने टोलविला की शेजारच्या पिठाच्या गिरणीत जाई आणि गिरणीवाला तो पांढरा करून परत देई. चालकांच्या मनात आले की, तेथे दुकानांचे गाळे काढावे, भाड्याचे उत्पन्न शाळेस व्हावे, आणि गावाबाहेर तिप्पट मोठे मैदान घ्यावे. माझे मत विचारण्यात आले. मी लेखी कळविले की, मोठ्या मैदानामुळे खेळांची प्रगती होईल. अक्षर चांगले होते, भाषा शुद्ध होती. गाळे झाले. नवे मैदानही झाले, दोन मैलांवर. संध्याकाळी शाळा सुटल्यावर तेथे जाऊन अंधार पडण्याच्या आत घरी परतणे मुलांस जमेना, आणि मुलींना तर कोणी पाठवीना. दोन वर्षांत मैदानावर बाभळी उगवल्या. माझ्या पत्रातील एकही वाक्य खोटे नव्हते. मैदान खरोखरीच मोठे होते. तेथे कोण पोहोचणार, हे विचारावयाचे तेवढे मी विसरलो होतो. चालकांस मी दोष देत नाही; त्यांनी विचारले होते, उत्तर माझे होते.

तेव्हापासून अशा प्रश्नात मी तीन गोष्टी पाहू लागलो. पहिली, नव्या जागी आजचा साधा प्रेक्षक, विशेषतः मुलगा आणि मुलगी, पोहोचू शकेल काय आणि तेथील तिकीट त्यास परवडेल काय. दुसरी, नवी जागा संघाच्या मालकीची की भाड्याची; कारण आसनांची वाटणी अखेरीस मालकच करतो, हे ब्रेबर्नच्या इतिहासाने दोनदा दाखविले. तिसरी, मागच्या जागेचे काय होणार.

ह्या तिसऱ्या बाबतीत मुंबईचे भाग्य लंडनपेक्षा थोर म्हटले पाहिजे. हायबरीच्या जागी घरे झाली. जेथे चेंडू धावत होता तेथे आता रहिवाशांची बाग आहे. वेस्ट हॅमचे जुने मैदान तर पाडूनच टाकले. उलट एव्हर्टनने गुडिसन पार्क आपल्या महिला संघास दिले आणि जुन्या गवतावर खेळ चालू राहिला. आपल्याकडे तंटे कडू झाले, तरी तिन्ही मैदाने मैदानेच राहिली. जिमखान्याचे गवत आझाद मैदानाच्या टोकाशी अजून हिरवे आहे. ब्रेबर्नवर छत्तीस वर्षांच्या खंडानंतर २००९ साली पुन्हा कसोटी सामना झाला, आणि महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना २०२३ साली तेथेच झाला. रुसून सोडलेल्या घरी लेकी नांदावयास आल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

ठाणे जिल्ह्यात एक लक्ष प्रेक्षकांचे स्टेडियम उभारण्याची चर्चा २०२४ पासून ऐकू येत आहे. ते झाले तर मला आनंदच होईल. एक लक्ष माणसांनी एकत्र बसून खेळ पाहावा ही लहान गोष्ट नव्हे. फक्त त्याचा आराखडा कागदावर उतरेल, तेव्हा त्याच कागदावर लोकल गाडीची वाट, स्वस्त आसनांची संख्या आणि जुन्या मैदानांची हमी, ह्या तीन ओळीही लिहिलेल्या असाव्या. आमच्या दोन गावांनी देवाच्या मुक्कामाची बाब नुसत्या भावनेवर सोडली नाही. त्यांनी करार केला. म्हणून देव दरवर्षी निघतो आणि दरवर्षी परत येतो. गावच्या शाळेच्या मैदानाविषयी मत देण्याचा प्रसंग श्रोत्यांपैकी ज्यांच्यावर येईल, त्यांनी सही करण्यापूर्वी एकदा संध्याकाळी त्या नव्या जागेपर्यंत पायी चालत जावे, एवढीच माझी विनंती आहे.