बोन्सायची खडी : कुंभारभट्टीला जोडधंदा

बोन्सायचा शौक आता बड्या बंगल्यांपुरता राहिलेला नाही. २०१८ साली पुण्यात प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय झाडे एकत्र मांडून गिनीज विक्रम केला. या झाडांना साधी माती चालत नाही. जपानी लोक 'अकादामा' नावाची दाणेदार माती वापरतात. ती आपल्याकडे बाहेरून आणावी लागते व महाग पडते. आपल्याकडचे बरेच शौकीन त्याऐवजी विटांचा चुरा घालतात. मग हाच माल सोलापुरात नीट तयार का करू नये?

सोलापूरची काळी माती उथळ कुंडीत तशीच भरली तर भिजल्यावर फुगते, मुळांना हवा मिळत नाही. सुकल्यावर तडकते आणि पाणी कडेच्या भेगेतून वाहून जाते. तीच माती सुमारे ६०० ते ७०० अंशांपर्यंत भाजली की तिचा गुण पालटतो. ती पुन्हा चिखल होत नाही. दाणा टिकतो, पाणी धरतो आणि दाण्यांमधून हवा खेळते.

प्रयोग थोड्या मालावर करावा. काळ्या मातीत तळ्याचा गाळ किंवा तांबडी माती मिसळावी, म्हणजे तडे कमी जातात. थोडा लाकडाचा भुसा घालावा; तो भट्टीत जळून बारीक छिद्रे राहतात. चुनखडीचे खडे मात्र चाळून काढलेच पाहिजेत. आच ८०० अंशांपुढे गेली तर त्यांचा कळीचा चुना होतो आणि पुढे ओल लागताच दाणा फुटतो.

थापलेल्या वड्या वाळवून फोडाव्यात. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी खडी चाळून घ्यावी आणि जुन्या मडक्यात भरून भट्टीत ठेवावी. फोडणे भाजण्याआधीच करावे, कारण तेव्हा पडलेला चुरा पुन्हा भिजवून वापरता येतो. भाजल्यानंतरचा चुरा वाया जातो.

पारख सोपी आहे. खडी रात्रभर पाण्यात ठेवावी. विरघळली तर कच्ची. १०० ग्रॅम कोरडी खडी भिजवून, पुसून तोलावी. १२० ग्रॅम भरली तर तिने २० ग्रॅम पाणी धरले. वजन जेमतेम वाढले तर ती जास्त भाजली गेली. असा माल कुंडीच्या तळाला, निचऱ्यासाठी चालतो. चुन्याची शंका असल्यास आठवडाभर ओली ठेवून पाहावी.

भाव ठरवताना जळण, मजुरी, चाळण्यातील घट आणि पोती धरावीत. आधी दोन-चार रोपवाटिकांना नमुना द्यावा, एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ द्यावा, मगच भांडवल गुंतवावे. आमचे कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे की, हा माल 'अकादामा' म्हणून विकू नये आणि कच्ची खडी पोत्यात मिसळू नये. गिऱ्हाइकाचे झाड वीस-वीस वर्षे जपलेले असते. ते एकदा दगावले, तर ते गिऱ्हाईक आपल्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.