लाभ स्वाराचा, जोखीम घोड्याची

लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची असेल, तर सावधगिरी कोण बाळगणार? अर्थशास्त्रातला हा जुना प्रश्न लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतीत फार उघडपणे दिसतो. स्वार आपल्या इच्छेने उतरतो. घोड्याची संमती कोणी विचारलेली नसते.

कॅलिफोर्नियातील टेव्हिस कप ही शर्यत १९५५ पासूनची. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून १०० मैल २४ तासांत पार करावयाचे. वाटेत पशुवैद्य घोडा तपासतात. नाडी मिनिटाला ६०-६४ ठोक्यांच्या आसपास ठरवलेल्या मर्यादेत आल्याखेरीज सक्तीच्या विश्रांतीची वेळ मोजण्यास प्रारंभच होत नाही. दामटून आलेला स्वार येथे खोळंबतो. घोड्याच्या थकव्याची किंमत स्वाराच्याच घड्याळातून वसूल करणारा हा नियम मोठा शहाणपणाचा होय.

परंतु नियमालाही मर्यादा आहेत. घोड्यांच्या हालांवरून २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाला संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेस काही महिने निलंबित करावे लागले. शिवाय दोन तपासणीनाक्यांमधल्या वाटेवर ना पंच असतो, ना पशुवैद्य. तेथे ओढ्यावर पाच मिनिटे थांबून घोड्याला पाणी पाजायचे की नाही, कठीण उतारावर पायउतार व्हायचे की नाही, हे एकट्या स्वारानेच ठरवायचे असते.