तोफेच्या पितळेवरचा ड्रॅगन

तोफेचा गोळा सुटून गेला की मागे पितळेचे रिकामे नळकांडे राहते. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) फ्रान्स व बेल्जियमच्या रणभूमीवर त्यांचे ढीग पडले होते. ती सरकारी मालमत्ता, परत पाठवून पुन्हा भरायची. तरीही कित्येक नळकांडी हातोहात बाजूला गेली आणि त्यांच्या फुलदाण्या, राखदाण्या झाल्या. या कलेला ‘ट्रेंच आर्ट’, म्हणजे खंदकातली कला म्हणतात. नाव तसे फसवेच आहे. गोळ्यांच्या वर्षावात हातोडी ठोकत कोण बसणार? बरेचसे काम पिछाडीच्या कार्यशाळांत, कैद्यांच्या छावण्यांत आणि मजुरांच्या तळांवर झाले.

त्या मजुरांविषयीच आम्हांला सांगायचे आहे. इंग्रजांनी १९१७ पासून चीनमधून, मुख्यतः शांतुंग प्रांतातून, सुमारे ९५ हजार मजूर फ्रान्सला नेले. मजुरी रोज एक फ्रँक. हातात बंदूक नव्हे, फावडे. मनगटावर नंबराचे धातूचे कडे, तेही रिबिट मारून पक्के केलेले. युद्ध थांबले, सैनिक घरी गेले, पण यांपैकी अनेकांना १९२० पर्यंत तिथेच राबावे लागले. न फुटलेले गोळे वेचायचे, काटेरी तारा गुंडाळायच्या, प्रेते उकरून नीट पुरायची. मेलेली गुरे ओढण्याची सक्ती ज्यांच्या वाडवडिलांवर होती, त्या वाचकांना अधिक सांगणे नलगे.

याच लोकांनी त्या पितळेवर ड्रॅगन, फुले, पक्षी कोरले. पितळ तापवून नरम करायचे, पत्रा चेपू नये म्हणून आत वाळू किंवा डांबर ठासायचे, मग खिळ्याने बारीक ठोके देत नक्षी उठवायची. अशा फुलदाण्या आज संग्रहालयांत व लिलावांत दिसतात. तळाला कारखान्याची खूण आणि साल असते. कोरणाऱ्याचे नाव बहुधा नसते.

आपल्या घरांत मात्र नाव असलेली वस्तू सापडू शकते. १११ महार पलटण १९१७ साली उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली गेली. पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी झाली. त्या सैनिकांना मिळालेल्या पदकांच्या कडेवर पुष्कळदा नंबर, नाव व पलटण कोरलेली असते. अशी पदके भंगारवाल्याच्या तराजूत गेल्याचे आम्ही ऐकतो. घरी पदक असल्यास चिंच, राख वा पॉलिशने घासू नये, कडेची अक्षरे झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, भिंगातून अक्षरे वाचून वहीत उतरवावीत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याखाली सैनिकाचे गाव लिहावे.